कुलवृत्तांतात नसलेली शाखा : बडोद्यातील एका कुटुंबातील १४-२१ गुणसूत्र-स्थानांतरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मृणाल, वय ३१, आणि निखिल, वय ३४. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) निखिलचं घर बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला. घराणं सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत कोकणातून नोकरीसाठी आलं आणि इथलंच झालं. मृणालचं माहेरही बडोद्याचंच, पण तिच्या आईचं माहेर इंदूरचं. ही शेवटची गोष्ट पहिल्या भेटीत कुणीच सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

लग्नानंतर दोनदा दिवस गेले. पहिल्या वेळी आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, दुसऱ्या वेळी दहाव्या आठवड्यात वाढ थांबली. दोन्ही वेळा पिशवी साफ केली, पण निघालेली ऊती गुणसूत्र तपासणीला पाठवली नाही. नेहमीच्या तपासण्या झाल्या: थायरॉइड, साखर, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं, गर्भाशयाची रचना. सगळं ठीक.

दुसऱ्या वेळेनंतर त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोघांचाही कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि मांडणी पाहणारी रक्ततपासणी, करायला सांगितला. सल्ला योग्यच होता. दोन किंवा अधिक गर्भपात झालेल्या जोडप्यांपैकी साधारण ३ ते ५ टक्क्यांत दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांची मांडणी बदललेली आढळते. पण तपासणी झाली ती फक्त निखिलची. निखिलच्या थोरल्या बहिणीची मुलगी चिऊ, वय ८, हिला डाउन सिंड्रोम आहे. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता : "दोष आमच्याकडचा आहे, दिसतोच आहे. सुनेला कशाला टोचायचं?" बोलण्यात कुठलाही कडवटपणा नव्हता, उलट सुनेवर येऊ शकणारा बोल त्यांनी आपल्या घरावर घेतला होता. तपासणीचा खर्च एकेकाला काही हजारांचा, तेव्हा एकाचे पैसे वाचले हेही होतंच. निखिलचा रिपोर्ट आला : ४६, एक्सवाय. निर्दोष. मग फाइल बंद.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आठव्या आठवड्यात, ठोके दिसल्यावर, त्यांना आमच्याकडे आनुवंशिकी समुपदेशनासाठी पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : "भाची डाउन. पतीचा कॅरिओटाइप नॉर्मल. धीर द्यावा."

अडचण

धीर द्यायला काहीच हरकत नव्हती, पण चिठ्ठीत तीन वेगळे प्रश्न एकत्र झाले होते. आधीचे दोन गर्भ का टिकले नाहीत? चिऊचं जे आहे ते घराण्यात चालणारं आहे का? आणि आत्ताच्या गर्भाला धोका किती? निखिलचा रिपोर्ट यातल्या दुसऱ्या प्रश्नापुरता, आणि तोही निखिलपुरताच, उत्तर होता. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मृणालच्या रक्तात होतं आणि तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

आधी दुसरा प्रश्न निकालात काढला. निखिलच्या बहिणीला चिऊची फाइल आणायला सांगितलं. प्लॅस्टिकच्या जाड फोल्डरमध्ये हृदयाचे इको रिपोर्ट, फिजिओथेरपीचे कागद, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यात मागे, जन्मानंतर महिन्याभरात काढलेला एक कॅरिओटाइप. ४७, एक्सएक्स, अधिक २१. म्हणजे २१ नंबरचं तिसरं गुणसूत्र स्वतंत्र, सुटं. डाउन सिंड्रोम असलेल्या शंभरांतल्या सुमारे ९५ जणांत असंच असतं. बीज तयार होताना २१ची जोडी वेगळी होत नाही, आणि आईचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते. चिऊच्या जन्माच्या वेळी तिची आई चाळिशीला आली होती. यात मामाचा, म्हणजे निखिलचा, काहीच संबंध नाही. आठ वर्षं हा कागद घरात होता आणि त्यात काय लिहिलंय ते कुणीही त्या आईला समजावून सांगितलं नव्हतं. तो वाचला असता तर "दोष आमच्याकडचा" हे वाक्य जन्मालाच आलं नसतं.

वंशावळ काढताना

दुसऱ्या भेटीला निखिलचे वडील एक जाडजूड ग्रंथ घेऊन आले : घराण्याचा छापील कुलवृत्तांत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, मग पिढ्यान्‌पिढ्यांच्या शाखा. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, अकरा पिढ्या आहेत. यात काही सापडत असेल तर बघा."

मी तो मनापासून चाळला. असा ग्रंथ वंशावळीच्या कामाला सोन्यासारखा वाटतो आणि आनुवंशिकीच्या कामाला बराचसा निरुपयोगी असतो. मुलाच्या नावापुढे शिक्षण, नोकरी, मुलं, नातवंडं. मुलीच्या नावापुढे सासरचं आडनाव, आणि तिथे ओळ संपते. पोटातच गेलेली मुलं नाहीत. बारशाआधी गेलेली नाहीत. "अल्पवयात निवर्तला" एवढं क्वचित दिसतं. आणि सुनेचं माहेर म्हणजे फक्त एक आडनाव. आम्हाला जे हवं असतं ते नेमकं या गाळलेल्या जागांमध्ये असतं.

म्हणून कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, टिकला नाही तो गर्भ छोटा त्रिकोण, आजार असेल त्याचं चिन्ह भरीव, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. पिढ्या रोमन आकड्यांनी, पिढीतली माणसं साध्या आकड्यांनी. जिच्यापासून विचारपूस सुरू झाली तिच्याकडे बाण. निखिलची बाजू पंधरा मिनिटांत झाली. चिऊच्या वर्तुळाशिवाय त्या बाजूला भरीव असं काही नव्हतं.

मग मृणालची बाजू. "तुमच्या घरात काही आनुवंशिक आजार?" या प्रश्नाला तिनं "नाही" म्हटलं. बहुतेक सगळेच म्हणतात. हा प्रश्न मी विचारते तो नियमापुरता. तिसऱ्या भेटीला तिच्या आईला बोलावलं आणि वेगळं विचारलं. "काकू, तुमच्या आईला एकूण किती वेळा दिवस गेले होते? टिकली नाहीत अशी किती?" काकूंनी क्षणभर लेकीकडे पाहिलं आणि बोटं मोजायला लागल्या. आईला नऊदा दिवस राहिले. जगली चार. दोन जन्मून काही दिवसांत गेली, बाकीची तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आतच. "त्या काळी सगळ्यांचं तसंच होतं," असंही त्या म्हणाल्या, आणि तेही खोटं नाही. म्हणूनच अशा आकड्यांवर एकटा भरवसा ठेवता येत नाही. "आणि तुमचं?" मृणालच्या आधी एक आणि धाकटीच्या आधी एक, असे दोन त्रिकोण. मृणालला त्यातला एकही माहीत नव्हता.

चार जगलेल्यांत मृणालची आई, इंदूरची मावशी, मामा आणि लहानपणी देवीनं गेलेला एक भाऊ. मावशीला किती मुलं? "एक मुलगी, पुण्याला असते. आणि एक मुलगा आहे… तो जरा मागे आहे. बाळंतपणात ऑक्सिजन कमी पडला त्याला."

फोटो आहे का, विचारलं. मृणालनं मोबाइलवर एका मुंजीचा फोटो काढून दिला. मागच्या रांगेत, कडेला, जांभळा झब्बा घातलेला साधारण पंचविशीचा तरुण. बुटका, मान आखूड, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर गेलेले, नाकाचं हाड बसकं, कान लहान. मी फोटो बोटांनी मोठा केला. तो हात जोडून उभा होता, त्यामुळे तळव्याची रेघ काही दिसली नाही. फोटोवरून निदान करायचं नसतं आणि मी ते केलंही नाही. पण जन्मताना ऑक्सिजन कमी पडल्यानं चेहऱ्याची अशी ठेवण येत नाही.

कागदावर आता चित्र वेगळं दिसत होतं. आजी, तिच्या दोन मुली आणि एक नात : तीन पिढ्यांत गर्भपात आणि एका शाखेत डाउन सिंड्रोमचा संशय. पिढी न गाळता चालणारं, वाहणारी माणसं मात्र ठणठणीत. अशा ठिकाणी सगळ्यात आधी मनात येतं ते संतुलित स्थानांतरण, म्हणजे गुणसूत्राची जागा बदललेली, मजकूर मात्र पूर्ण.

जैविक गाभा, थोडक्यात

माणसाच्या गुणसूत्रांत १३, १४, १५, २१ आणि २२ या जोड्यांची एक भुजा अगदी तोकडी असते. त्या भुजेवर जे असतं त्याच्या प्रती इतरत्रही असतात, त्यामुळे ती गेली तरी बिघडत नाही. अशी दोन गुणसूत्रं लांब भुजांनी एकमेकांना चिकटली की त्याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. टोळांच्या गुणसूत्रांत असला प्रकार वर्णन करणाऱ्या रॉबर्टसन या अमेरिकन संशोधकाचं नाव त्याला मिळालं, ते काम १९१६चं. साधारण हजारात एकात हे असतं. सर्वांत जास्त आढळते ती १३-१४ची जोडी, त्याखालोखाल १४-२१.

मृणालला हे समजावताना मी तिच्या सासऱ्यांच्या ग्रंथाचाच आधार घेतला. दोन खंड एकाच पुठ्ठ्यात बांधले तर मजकूर पूर्ण असतो, फक्त कपाटात पुस्तकं मोजली तर एक कमी भरतं. वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. अडचण येते वाटणी करताना.

ती वाटणी अशी. वाहक बाईकडे एक सुटं १४, एक सुटं २१ आणि एक जोडलेलं १४-२१. स्त्रीबीज तयार होताना यांची सहा प्रकारे विभागणी होऊ शकते. सुटी १४ आणि २१ गेली तर बाळ पूर्ण निर्दोष. फक्त जोडलेलं गेलं तर बाळ आईसारखंच, वाहक पण निरोगी. जोडलेलं आणि सुटं २१ दोन्ही गेली तर २१चा मजकूर तीनदा, म्हणजे डाउन सिंड्रोम. उरलेल्या तीन प्रकारांत १४ किंवा २१ कमी पडतं किंवा १४ जास्त होतं. ते गर्भ टिकत नाहीत, बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांतच जातात. मृणालचे दोन, तिच्या आईचे दोन, आजीचे कितीतरी, हे बहुधा याच रांगेतले.

कागदावर हिशोब केला तर टिकणाऱ्या तिघांत एक डाउन असं येतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. आई वाहक असेल तर प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि वडील वाहक असतील तर १-२ टक्के किंवा त्याहूनही कमी. म्हणून वंशावळीत स्थानांतरण कुणाकडून आलं याइतकंच ते पुढे कुणाकडून जाणार याला महत्त्व असतं. (२१-२१ अशी जोडगाठ असेल तर मात्र हिशोबच संपतो : जगणारं प्रत्येक मूल डाउन असतं. सुदैवानं ती फार दुर्मीळ.)

पर्याय

मृणालचं रक्त नवव्या आठवड्यात घेतलं. कॅरिओटाइपला हेपारिनची, हिरव्या बुचाची नळी लागते, कारण पेशी जिवंत हव्यात. तीन दिवस त्या वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवायच्या, मग जीम्सा रंगानं पट्टे उमटवून मोजायच्या. घाई करून उपयोग नसतो. अकराव्या आठवड्यात रिपोर्ट आला : ४५, एक्सएक्स, रॉब १४-२१. संतुलित वाहक.

आता निर्णय गर्भाबद्दलचा होता. चार वाटा होत्या आणि चारही आम्ही टेबलावर ठेवल्या.

पहिली, काहीच न करता फक्त सोनोग्राफी. डाउन असलेल्या बऱ्याच गर्भांत सोनोग्राफीत ठळक काहीच दिसत नाही, त्यामुळे हा पर्याय म्हणजे न कळण्याचा पर्याय. काही जोडपी तो विचारपूर्वक निवडतात आणि त्यात गैर काही नाही.

दुसरी, आईच्या रक्तातून गर्भाच्या डीएनएची चाचणी, जिला सगळे एनआयपीटी म्हणतात. सुई पोटात जात नाही, म्हणून निखिलला हीच आवडली. २१चा जादा मजकूर ती चांगला पकडते. पण ती चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे, आणि गर्भ निर्दोष आहे की वाहक, हे ती सांगत नाही. जिथे धोका दहात एकाच्या आसपास आहे तिथे चाळणीवर थांबावं असं मला वाटत नाही, आणि हे मत मी लपवलंही नाही.

तिसरी, ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना, सीव्हीएस. लवकर उत्तर. पण शंभरात एखाद-दोन वेळा वारेतल्या आणि गर्भातल्या पेशी वेगळं सांगतात आणि पुन्हा तपासावं लागतं.

चौथी, १६ आठवड्यांनंतर गर्भजल. खात्रीचं, पण पाच आठवड्यांची वाट.

एका गोष्टीवर मात्र त्यांना ठाम नाही म्हणावं लागलं. निखिलनं इंटरनेटवर वाचून "त्यापेक्षा महागडा मायक्रोअॅरे करू, त्यात सगळं दिसतं" असं सुचवलं. मायक्रोअॅरे मजकूर कमी-जास्त झाला तर सांगतो, पण तो कुठल्या पुठ्ठ्यात बांधलाय ते सांगत नाही. मृणालचा मायक्रोअॅरे केला असता तर तो निर्दोष आला असता. इथे जुनी, हळू, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी मोजायची तपासणीच कामाची होती.

निर्णय आणि कृती

माझा कल सीव्हीएसकडे होता. मृणालचा नव्हता. आधीचे दोन्ही गर्भ दहाव्या आठवड्यापर्यंतच गेले होते आणि तेवढ्यात पोटात सुई घालण्याची कल्पनाच तिला सहन होत नव्हती. अनुभवी हातांत या दोन्ही प्रक्रियांमुळे गर्भ जाण्याचा जादा धोका अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, हे सांगून झालं. ती म्हणाली, "मॅडम, तुमचा अर्धा टक्का मला कळतो. पण बारा आठवडे ओलांडल्याचं मला एकदा अनुभवू द्या." गर्भजल ठरलं.

खरी अवघड गोष्ट या पाच आठवड्यांत घडली आणि ती प्रयोगशाळेत घडली नाही. चिऊची आई, म्हणजे मृणालची नणंद, एका संध्याकाळी घरी आली तेव्हा हा विषय निघाला आणि तिनं विचारलं, "म्हणजे आमच्या चिऊसारखं मूल नको म्हणून एवढं सगळं चाललंय का?" घरात कुणी बोलेना. चिऊ त्या वेळी आतल्या खोलीत आजीबरोबर पत्ते खेळत होती. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून मला विचारलं, "तुम्ही काहीतरी सांगा ना लेकीला." मी नकार दिला. ती माझी रुग्ण नव्हती आणि माझ्या तोंडून टक्केवारी ऐकून तिचं दुखणं कमी झालं नसतं. दोघींनी एकत्र माझ्याकडे यावं असं मात्र सुचवलं.

त्या आल्या. नणंदेला दोन गोष्टी आधी सांगितल्या : चिऊची स्थिती वेगळ्या कारणानं आलेली आहे, आणि त्यात तिचं किंवा तिच्या माहेरचं काहीच चुकलेलं नाही. आठ वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मग मृणालनं स्वतःहून सांगितलं की रिपोर्ट वाईट आला तर काय करायचं ते तिचं ठरलेलं नाही, निखिलचं ठरलंय आणि तिला ते पटत नाही. हे निखिललाही नवीन होतं. त्या बैठकीत निर्णय झाला नाही आणि मी तो व्हावा असा आग्रह धरला नाही. "वाईट आलं तर काय" या प्रश्नाचं पक्कं उत्तर सुई टोचण्याआधीच हवं, असं काही सहकारी मानतात. मला ते पटत नाही. गर्भपाताच्या मुदती मात्र सांगायलाच हव्यात, त्या सांगितल्या : गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी दोघांचं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाचं.

सोळा आठवडे पुरे झाल्यावर गर्भजल घेतलं. त्याआधी गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार फॉर्म जी वर मृणालची लेखी संमती, तिला समजणाऱ्या भाषेत. कॅरिओटाइपमध्ये लिंग दिसतंच, पण ते रिपोर्टमध्ये येत नाही. हे आधीच सांगून ठेवलं, म्हणजे नंतर अर्धवट दिसणाऱ्या रिपोर्टवर शंका यायला नको. तीन दिवसांत झटपट चाचणीचा निकाल आला : २१चा मजकूर दोनदाच. मृणालनं फोनवर फक्त "बरं" म्हटलं आणि फोन निखिलकडे दिला. एकोणिसाव्या आठवड्यात पूर्ण कॅरिओटाइप आला. ४५ गुणसूत्रं, १४-२१ जोडलेलं. आईसारखंच.

इथे आणखी एक बारकावा उरतो आणि तो विसरला जातो. वाहक गर्भात १४ची दोन्ही रूपं एकाच पालकाकडून आलेली नाहीत ना, हे तपासावं लागतं. तसं होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. पण १४ वरची काही जनुकं आईकडून आली की वडिलांकडून यावर त्यांचं काम ठरतं, आणि दोन्ही एकाच बाजूची असतील तर बाळाला गंभीर त्रास होऊ शकतो. आई-वडिलांच्या रक्ताशी गर्भाचा डीएनए जुळवून पाहिला. दोघांकडून एकेक होतं.

मावशी आणि बाकीचे

मृणालच्या आईचीही तपासणी झाली. त्याही वाहक निघाल्या, म्हणजे हे नव्यानं घडलेलं नव्हतं. पुढे इंदूरला कळवायचं कुणी? आम्ही थेट फोन करायचा नाही, हे नक्की होतं. रुग्णाची माहिती रुग्णाच्या परवानगीनं रुग्णाच्याच हातून जायला हवी. एक पानी पत्र तयार केलं, कुणाचंही नाव नसलेलं : कुटुंबात अशी मांडणी आढळली आहे, वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, मुलं व्हायची असतील तर ही तपासणी करून घ्या, नळी हिरव्या बुचाची.

मावशी आधी म्हणाली, "सत्तावीस वर्षं सांभाळलं त्याला. आता कळून काय करायचंय?" तिच्या मुलासाठी खरंच फारसं काही बदलणार नव्हतं. थायरॉइडची नियमित तपासणी आणि मानेच्या मणक्यांची काळजी सोडली तर. बदलणार होतं ते पुण्याच्या मुलीसाठी. तिनंच आईला राजी केलं. इंदूरहून नमुने आले, फ्रिजमध्ये न ठेवता, दुसऱ्या दिवशी पोचतील असे.

मावशी वाहक : ४५. तिच्या मुलाचा रिपोर्ट : ४६, आणि तो पाहून तिच्या ओळखीतल्या एकानं "४६ म्हणजे नॉर्मल आहे की" असं सांगून टाकलं. मावशीनं लगेच मृणालच्या आईला फोन केला, की बघ, ऑक्सिजनच कमी पडला होता. आकडा फसवा होता. जोडलेलं गुणसूत्र एकच मोजलं जातं, त्यामुळे दोन सुटी २१ आणि शिवाय जोडलेलं १४-२१ असूनही बेरीज ४६ भरते. या कुटुंबात ठणठणीत बायका ४५च्या आणि डाउन असलेला मुलगा ४६चा. माणसाची गुणसूत्रं ४६ हे ज्यो आणि लेव्हान यांनी १९५६ साली दाखवलं, डाउनमध्ये २१ जादा असतं हे १९५९ साली पॅरिसच्या लज्यून, गोतिए आणि त्युर्पाँ यांनी, आणि १९६०च्या सुमारास ४६ गुणसूत्रं असलेला डाउनही सापडला. तेव्हापासून नुसती बेरीज वाचून निदान करू नये हे ठाऊक आहे. मावशीला फोनवर नव्हे, व्हिडिओवर कागदावर काढून दाखवावं लागलं. तिनं खूप वेळ काही विचारलं नाही. मग विचारलं, "माझ्याकडूनच गेलं ना त्याला?" हो, म्हणून सांगितलं. आणि हेही सांगितलं की ते तिलाही कुणाकडून तरी आलं होतं, न मागता.

निष्पत्ती

मृणालला पूर्ण दिवसांची मुलगी झाली. ती वाहक आहे. पुण्याची मावसबहीण निर्दोष निघाली, तिच्या शाखेत हा विषय संपला. निखिलच्या वडिलांनी वंशावळीची प्रत मागून घेतली. मृणालच्या परवानगीनं फक्त त्यांच्या बाजूची दिली.

मृणालची धाकटी बहीण, वय २६, तेव्हा साखरपुडा झालेली होती. "लग्नाआधी तिची तपासणी करून टाका आणि रिपोर्ट आम्हाला द्या," असं तिच्या आईचं म्हणणं होतं. हेतू असा असावा की गोष्ट आधी उघड झाली तर पुढे फसवलं असं कुणी म्हणायला नको, किंवा कळूच नये याची तजवीज करता यावी. कुठला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहिणीला एकटीला भेटले. वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, वाहक असली तरी तिच्या प्रकृतीला काही नाही, आणि तपासायचं की नाही, कधी, कुणाला सांगायचं, हे तिचं. तिनं रक्त दिलं, रिपोर्ट तिच्याच हाती दिला. आईनं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी लेकीशी बोला म्हटलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णायक टप्पा आमच्याकडे येण्याआधीचाच. जोडप्याची तपासणी म्हणजे दोघांची. एकाच बाजूला आजार "दिसतो" म्हणून दुसरी बाजू सोडणं हे अर्ध्या वंशावळीवरून काढलेलं अनुमान होतं. तेव्हा दोघांचंही रक्त घेतलं असतं तर मृणाल तिसऱ्या गर्भाआधीच सगळं जाणून असती, आणि आयव्हीएफ करून गर्भ तपासून रोवण्याचा पर्यायही निवांत विचारात घेता आला असता. नववा आठवडा चालू असताना तो पर्याय उरत नाही.

दुसरं, दुसऱ्या गर्भपाताची ऊती. ती तपासली असती तर १४ किंवा २१मधला बिघाड दिसण्याची चांगली शक्यता होती आणि वाट तिथूनच मृणालकडे वळली असती.

सीव्हीएस की गर्भजल यावर माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं एकमत नाही. त्याच्या मते मी जास्त जोर लावायला हवा होता : एकोणिसाव्या आठवड्यात वाईट रिपोर्ट आला असता, घरात दोन मतं, तर हातात उरले असते मोजके दिवस. मुद्दा बिनतोड आहे. तरीही त्या पाच आठवड्यांत नणंद-भावजयीचं जे बोलणं झालं ते अकराव्या आठवड्यात झालं नसतं, असं मला वाटतं. निर्णय घ्यावा लागला नाही म्हणून मी हे सहज म्हणू शकते, हेही खरं.

विचारपूस मात्र आता आम्ही उलट क्रमानं करतो. आधी बाईचं माहेर, त्यातही तिच्या आईचं माहेर. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईशी, आणि ते सून किंवा सासू खोलीत नसताना. काकूंनी दोन त्रिकोण लेकीसमोर सांगितले, सगळ्याच सांगत नाहीत.

मृणालच्या मुलीचा प्रश्न शिल्लक आहे. अजाण मुलांची वाहक तपासणी सहसा करत नाहीत, मोठी झाल्यावर त्यांनी ठरवावं म्हणून. इथे गर्भजलातच कळलं. मृणालच्या फाइलमध्ये तिच्या मुलीसाठी एक पत्र घातलंय, साध्या मराठीत, आणि ते कधी द्यायचं ते आई-वडिलांवर सोडलंय. मृणालच्या मामांकडे गेलेल्या पत्राला उत्तर आलेलं नाही. त्यांची स्वतःची तपासणी झालेली नाही, आणि त्यांच्या दोन्ही मुलांच्या चौकोनांत प्रश्नचिन्ह आहे, थोरल्याचं लग्न झालेलं आहे. पुन्हा विचारायचा अधिकार आमचा नाही, मृणालच्या आईचा आहे. दिवाळीला भाऊबीजेसाठी इंदूरला जातील तेव्हा बोलेन, असं त्या म्हणाल्या आहेत.